मंद आचेवरच्या आपा

आपांच्या घरातले दिवे रात्री नऊच्या सुमारास मालवत. जेद्दा हे असे शहर आहे, की जिथे त्या वेळेला संध्याकाळ नुकती अंगात येऊ लागलेली असते. इशाच्या, म्हणजे रात्रीच्या, नमाजानंतर बाजार फुलतात, कॉर्निशवर समुद्राकाठी चटया अंथरल्या जातात, आणि लग्नाची पंगत मध्यरात्रीच्या आधी बसली तर यजमानांनाच ओशाळल्यासारखे होते. अशा शहरात, अझीझिया भागातल्या एका चौथ्या मजल्यावर, माणसांची अतोनात आवड असलेली एक बाई जाड पडदे ओढून, कानांत कापूस घालून नऊला झोपी जाते, ही गोष्ट आमच्या शिक्षिकांच्या खोलीत कायमचा विनोद होऊन बसली होती. “आपा के घर जाना है तो दोपहर में जाओ, नहीं तो ख़्वाब में जाओ,” असे आमच्या हैदराबादच्या फरहत मिस म्हणत.

आता मी रियाधला राहते. यजमानांची बदली झाली आणि जेद्दाची ती शाळा सुटली. पण कोणी लवकर झोपायला निघाले की मला अजून आपाच आठवतात.

आपा आमच्या भारतीय शाळेच्या मुलींच्या विभागात रसायनशास्त्र शिकवत. मूळच्या रत्नागिरीकडच्या, खाडीकाठच्या गावातल्या. यजमान बंदरावर मालवाहतुकीच्या एका कचेरीत होते. त्यांना मी भाईसाहेब म्हणत असे. ‘आपा’ म्हणजे थोरली बहीण. पण प्राचार्यांपासून व्हॅनच्या ड्रायव्हरपर्यंत सगळेच त्यांना आपा म्हणत, त्यामुळे त्यांचे खरे नाव केवळ वेळापत्रकापुरते उरले होते. मी गणित शिकवते आणि मिरजेची आहे. शिक्षिकांच्या खोलीत मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच, म्हणून खुर्च्या शेजारी आल्या. मैत्री नंतर झाली.

त्या कोणालाही ‘कशी आहेस’ असे विचारत नसत. त्यांचा एकच प्रश्न असे : “झोप झाली?” हा प्रश्न त्या नव्या शिक्षिकेला पहिल्याच दिवशी विचारत आणि ती बिचारी कानांपर्यंत लाल होई. प्राचार्यांनाही सोडत नसत. “गुड मॉर्निंग मॅडम. नींद हुई?” आमच्या प्राचार्या मोठ्या करारी, पण या प्रश्नाला त्या शाळकरी मुलीसारखे खरे उत्तर देत. मी एकदा म्हटले, “आपा, लोक तब्येत विचारतात, तुम्ही झोप का विचारता?” त्या म्हणाल्या, “तब्येतीबद्दल माणूस खोटं बोलतो गं. झोपेबद्दल खोटं बोलायचं कुणाला सुचत नाही.”

त्यांचा डबा रोज सारखा, मीठ रोज सारखे, पाण्याची स्टीलची बाटली रोज तीच आणि ती शाळा सुटेपर्यंत रिकामी झालेली असायचीच. कोणी प्रेमाने लोणच्याची फोड पुढे केली तर त्या ती औषधासारखी निरखून परत करीत. किल्ल्या गळ्यात, फितीला बांधलेल्या. आणि प्रयोगशाळेतून निघताना त्या मोठ्याने बोलत : “गॅस बंद केला. मी केला. आज मंगळवार, बाहेर धूळ उडतेय, तेव्हा बंद केला.” दारात उभ्या असलेल्या मुली तोंडावर हात धरून हसत.

मला त्यात एक पद्धत दिसली. रोज त्याच जागी तेच काम केले, की आजचे काम कालच्या कामात मिसळून जाते आणि मग जिन्यात आल्यावर शंका येते. त्या कामाला आजची एखादी खूण चिकटवली, तर स्मरणशक्तीला ते वेगळे ठेवता येते. मीही आता घरातून निघताना म्हणते, “इस्त्री बंद केली. निळी साडी नेसून बंद केली.” वाचकांनी करून पाहावे. घरचे हसतात, पण अर्ध्या वाटेवरून परत यावे लागत नाही.

शब्द मात्र त्यांना अधूनमधून सोडून जात. शिकवता शिकवता त्या थांबत. “आता यात आपण टाकायचं… ते… जे रंग बदलतं ते.” मुली ओरडत, “लिटमस, मॅम!” दुसरे कोणी असते तर वरमले असते किंवा चिडले असते. आपा मान डोलावून पुढे जात. मला म्हणाल्या, “शब्द मांजरासारखा असतो. मागे धावलं की पलंगाखाली जातो. आपण आपलं काम करत बसावं, तो आपणच पायाशी येतो.” अडलेल्या उदाहरणाशी झुंजत बसणाऱ्या मुलींना मी परीक्षेपूर्वी हेच सांगत असे, आणि माझ्या सगळ्या सूत्रांपेक्षा त्यांना त्याचाच अधिक उपयोग झाला.

केरळहून बिंदू नावाची एक तरुण शिक्षिका आली होती. नवरा दूर उत्तरेकडे हफ्र अल बातिन गावी नोकरीला, ही इथे एकटी. एके सकाळी प्राचार्या तिचा वर्ग बघायला येणार होत्या. तासाच्या आधी ती शिक्षिकांच्या खोलीत धापा टाकू लागली. हात गार, ओठ पांढरे. “मैं मर जाएगी, आपा, मैं मर जाएगी.” कोणी पंखा वाढवला, कोणी अॅम्ब्युलन्सला फोन लावायला निघाले. आपांनी आधी तिची नाडी पाहिली, छातीत दुखते का विचारले, पूर्वी असे झाले होते का विचारले. ते झाले होते, आणि डॉक्टरांनी हृदय ठीक असल्याचे सांगितले होते. मग आपांनी पर्समधून एक डबी काढली आणि त्यातले आमसूल तिच्या तोंडात घातले.

“मरना है तो बाद में मरना, बिंदू. पहले यह चूसो.”

बिंदूने डोळे गच्च मिटले.

“अब बोलो, खट्टा कहाँ लग रहा है? जीभ के आगे, कि किनारे पे?”

“किनारे… दोनों तरफ़.”

“दोनों तरफ़ बराबर? ठीक से देख के बोलो. साइंस का सवाल है.”

बिंदू ठीक से पाहू लागली आणि तिचा श्वास हळूहळू खाली उतरला. फरहत मिस म्हणाल्या, “आपा, यह क्या जादू है?” आपा म्हणाल्या, “जादू नहीं, कोकम है. घबराहट आगे की सोचती है, ज़ुबान अभी की.” मग त्यांनी बिंदूला धुतलेल्या परीक्षानळ्या पुसून उंचीप्रमाणे लावायला बसवले आणि त्याच दुपारी तिला डॉक्टरांची वेळही घेऊन दिली. “आमसुलाने प्रसंग निभतो,” त्या मला म्हणाल्या, “आजार नाही निभत. त्याला डॉक्टरच लागतो.”

त्यांचा आणखी एक प्रश्न होता आणि तो त्या स्वतःविषयी विचारत. गप्पा रंगात आल्या असताना एकदम थांबून म्हणत, “मी आज जास्त बोलत्येय का?”

“आपा, आप तो रोज़ ही ज़्यादा बोलते,” फरहत मिस म्हणत, आणि हशा होई. आपाही हसत. पण हशा ओसरला की माझ्याकडे वळून हळूच विचारत, “नेहमीपेक्षा?” मी विचार करून “नाही” म्हणत असे. त्या समाधानाने चहा पीत. मला वाटे, ही बोलक्या बाईची लाडिक लकब आहे.

ती लकब नव्हती, हे मला एका रमजानमध्ये कळले. प्रयोगशाळेच्या मागे बाटल्या ठेवायची एक अरुंद खोली होती. मी काही मागायला तिथे गेले, तर आपा दाराकडे पाठ करून, भिंतीशी उभ्या राहून पाणी पीत होत्या. रमजानच्या भर दुपारी. तो माझा विषय नव्हता. मी पाऊल मागे घेतले.

“थांब,” त्या म्हणाल्या. “दार लाव आणि बस.”

बसायला एकच स्टूल होते. त्यावर त्यांनी मला बसवले आणि स्वतः उभ्या राहिल्या, वर्गात राहतात तशा.

“आवर्त सारणीत तिसरा कोण?”

“लिथियम.”

“सगळ्यांत हलका धातू. माझ्या घरातलं सगळ्यांत जड काम तो करतो.” त्यांनी पर्समधली गोळ्यांची पट्टी दाखवली. “थोरला मुलगा झाला, त्याच्या पाठोपाठ आजार आला. बायपोलर म्हणतात. मनाला दोन मोसम. एकात मी उठूच शकत नाही. पेला विसळायचा तरी डोंगर वाटतो. दुसऱ्यात मला झोपच लागत नाही, आणि लागत नाही याचं काही वाटतही नाही. सगळं सुचतं. सगळं जमेलसं वाटतं. त्या मोसमात मी एकदा घरातली सगळी भांडी वाटून टाकली होती, ठाऊकाय? नवी आणायची म्हणून. भाई कामावरून आले तर चहा करायला पातेलं नाही.”

मी हसले नाही, म्हणून त्याच हसल्या.

“ही गोळी मला मधल्या रस्त्यावर ठेवते. पण तिला पाणी लागतं, मीठ लागतं, दोन्ही रोज सारखं. या उकाड्यात दिवसभर पाणी सोडलं, तर रक्तात तिचं प्रमाण चढतं, आणि तीच विष होते. म्हणून डॉक्टरांनी रोजे बंद केलेत. मौलानांना विचारलं, तेही म्हणाले, आजाऱ्याला माफ आहे. रोज्याबदली गरिबाला जेवू घाल. तेवढं करते. पण मावळतीला, मगरिबच्या वेळी, मी दस्तरखानावर सगळ्यांबरोबर बसते. खजूर हातात धरून. अजान होईपर्यंत तोंडात घालत नाही.” त्यांनी बाटलीचे झाकण लावले. “तेवढं तरी माझं.”

गावी कोणाला माहीत आहे, असे मी विचारले.

“कुणालाच नाही. अम्मीला नाही, सलमाला नाही.” सलमा ही त्यांची धाकटी बहीण. “गावात कळलं की मी रसायनशास्त्राची राहणार नाही, मी वेडी होईन. भाईंना माहीत, डॉक्टरांना माहीत. आता तुला.”

“मला का?”

“तू गणिताची. तुला रेघ चढतेय की उतरतेय, हे बघण्याची सवय आहे.”

त्या दिवशी त्यांनी माझ्यावर एक काम सोपवले आणि वर्गात मॉनिटर नेमतात तसे त्याचे नियम सांगितले. चढत्या मोसमाची सुरुवात आजाऱ्याला स्वतःला दिसत नाही, कारण ती सुखाची असते. ती दुसऱ्याने पाहायची. “मला ‘आपा, तुम्हाला बरं नाही’ असं म्हणू नकोस, मी भांडेन आणि जिंकेन. फक्त म्हण, ‘बर्नर मोठा आहे.’ एवढंच. मग मी डॉक्टरांकडे जायचं आणि आठ दिवस कसलाही निर्णय घ्यायचा नाही, हे मी शुद्धीत असताना कबूल केलंय. त्या दिवशी मी तुला वाट्टेल ते बोलेन. ते ऐकून घे. शब्द मागे घेऊ नकोस.”

मी होकार दिला. तेव्हा ते काम सोपे वाटले, कारण चढता मोसम मी पाहिलेला नव्हता.

उतरता मात्र त्याच वर्षी हिवाळ्यात पाहिला. आपा येत, शिकवत, जात. पण आवाज कोणी उशीखाली ठेवल्यासारखा. त्या दिवसांतली त्यांची शिस्त मी कधी विसरणार नाही. मन म्हणेल तेव्हा नव्हे, घड्याळ म्हणेल तेव्हा उठायचे. ऊन कोवळे असेपर्यंत गच्चीत उभे राहायचे. सगळी भांडी नाही, एक पेला विसळायचा. तो झाला तर दुसऱ्याचे पाहू. “बरं वाटलं की करीन असं म्हटलं ना, तर कधीच होत नाही,” त्या अगदी सावकाश म्हणाल्या. “आधी करायचं. वाटणं मागून येतं. कधी कधी येतही नाही. पण पेला तरी स्वच्छ असतो.”

पुढचा रमजान आला आणि त्याच्याबरोबर सलमाही आली. उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या यात्रेला. कोकणच्या किनाऱ्यावरच्या गावांची एक रीत आहे : गावचे माणूस उमऱ्याला निघाले, की जेद्दात गावचे जे बिऱ्हाड असेल तिथे उतरते. विचारायचे नसते, फक्त विमानाची वेळ कळवायची असते. सलमा, तिचा नवरा, सासू आणि शेजारच्या दोन बायका अशी मंडळी आली. भाईसाहेबांनी सुचवून पाहिले, की मुक्काम दुसरीकडे ठेवू. आपा म्हणाल्या, “आणि कारण काय सांगू?” कारण सांगायचे म्हणजे आजार सांगायचा.

मग पडदे उघडे राहिले. तरावीहच्या रात्रीच्या नमाजानंतर मंडळी मक्केला जात, पहाटे परतत, मग रोज्याआधीचे सहरीचे जेवण, मग गप्पा. आपांनी प्रत्येक रात्री सोबत केली.

शाळेत त्या आल्या की खोली उजळे. हातांवर मेंदी, काचेच्या बांगड्या, अत्तर. रमजानात शाळा उशिरा भरते आणि सगळ्याजणी सुकलेल्या चेहऱ्यांनी बसलेल्या असतात. आपा एकट्या ताज्या. एका तासात त्यांनी तीन धडे शिकवले आणि मुलींनी टाळ्या वाजवल्या. शब्द अडत नव्हते. उलट एका शब्दाच्या जागी चार येत होते. त्या ‘झोप झाली?’ विचारायच्या थांबल्या होत्या, हे मला जरा उशिरानेच जाणवले.

एका मोजमापावरून निष्कर्ष काढू नये, असे मी मुलींना शिकवते. माणसाला एखादा आठवडा सुखाचा जाऊ नये काय? बहीण भेटली आहे, हिवाळ्याचे ओझे उतरले आहे. म्हणून मी पाहत राहिले.

मग एके दिवशी त्या रिकाम्या वर्गात मला ओढत घेऊन गेल्या आणि फळ्यावर खडूने इमारत काढू लागल्या.

“बाबांची खाडीवरची जागा आहे ना, तिथे शाळा. मुलींची. आमच्या मुली होडीने तालुक्याला जातात गं, पावसाळ्यात चार महिने घरी बसतात. ही प्रयोगशाळा. हिच्या खिडक्या सगळ्या पाण्याकडे. हा तुझा गणिताचा वर्ग. नाही म्हणू नकोस, मी सलमाला सांगितलंय. हे वाचनालय. इथे झोपाळा.”

“आपा, हे कधी?”

“ईदच्या आत. आज शेवटच्या तासानंतर मॅडमकडे जाऊन राजीनामा देते. फायनल एक्झिट. कायमचं गावी. खलास.”

“भाईसाहेब काय म्हणतात?”

“त्यांना घरी गेल्यावर सांगेन. आश्चर्य!”

त्यांचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, शाळेच्या नावावर होता. ते दिवस नव्या वर्षाच्या नेमणुकांचे होते आणि प्राचार्यांकडे उमेदवार वाट पाहत होते. त्या दाराआड शब्द एकदा उच्चारला गेला असता, तर नोकरी, इथला डॉक्टर, घर, सगळी बसवलेली घडी मोडली असती. आणि तरीही सांगते, ती शाळा सुंदर होती. मुलींच्या होडीची गोष्ट खरी होती. हिवाळाभर मिणमिणलेली ती बाई फळ्यासमोर अशी उभी होती, की तिला थांबवणे म्हणजे गाणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवणे होते.

मी एकच मोजमाप घ्यायचे ठरवले.

“आपा, काल झोप किती झाली?”

त्या खळखळून हसल्या. “झोप? कबरीत आहेच की गं झोप!”

“आपा,” मी म्हटले, “बर्नर मोठा आहे.”

खडू थांबला. “काय म्हणालीस?”

“बर्नर मोठा आहे.”

“अच्छा!” त्या माझ्याकडे वळल्या. “म्हणजे मी हसले की आजार, आणि रडले की बरी? तुला मी पेला विसळतानाच आवडते, होय ना? तू आपली त्रैराशिकवाली मास्तरीण. जन्मभर दुसऱ्याच्या उत्तरावर लाल रेघ मारलीस. स्वतःचं काही काढलंस का कधी या फळ्यावर? तुला मैत्रीण समजले मी. तू हेर आहेस, हेर!”

मी ऐकून घेतले. तेच ठरलेले होते.

त्या बांगड्या वाजवत निघून गेल्या. शेवटचा तास माझा मोकळा होता. मी प्राचार्यांच्या दाराबाहेर जाऊन उभी राहिले. घंटा झाली. मुलींचा लोंढा व्हॅनकडे गेला आणि मोकळ्या झालेल्या व्हरांड्यातून आपा आल्या. दाराच्या मुठीवर त्यांनी हात ठेवला.

“बाजूला हो. मला माहीत आहे, मी बरोबर आहे.”

“असाल,” मी म्हटले. “बरोबर उत्तर आठ दिवसांत चूक होत नाही, आपा. आठ दिवसांनीही ते बरोबरच असेल. मग मी स्वतः तुमच्याबरोबर आत येईन.”

मुठीवरचा हात तसाच होता. मेंदी लावलेली बोटे पांढरी पडेपर्यंत आवळलेली. आतून प्राचार्यांचा फोनवर बोलण्याचा आवाज येत होता. आपा दाराकडे पाहत होत्या, माझ्याकडे नाही. मग मुठीवरचा हात काढून म्हणाल्या, “भाईंना फोन लाव. मी लावणार नाही.” आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

भाईसाहेब बंदरावरून आले तेव्हा अंगात अजून कचेरीचे जाकीट होते. आपा मागच्या सीटवर बसल्या. गाडी निघेपर्यंत त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

पुढचे डॉक्टरांचे काम होते : रक्ताची तपासणी, औषधांत बदल, अंधारी खोली आणि झोप. वेळेवर आल्या, असे डॉक्टर म्हणाले; इस्पितळात ठेवावे लागले नाही. आपांना ताप आहे असे सांगून भाईसाहेबांनी पाहुण्यांची सोय गावच्याच दुसऱ्या बिऱ्हाडी केली. ती मंडळी काय ते समजली नाहीत आणि जराशी दुखावूनच परत गेली.

ईदनंतर आपा शाळेत आल्या. हातांना किंचित कंप, चालणे सावकाश. “नींद हुई?” असे त्यांनी फरहत मिसना विचारले, बिंदूला विचारले. मला विचारले नाही. शेजारच्या खुर्चीत बसून त्या माझ्याशी काही बोलत नसत. मी रोज त्यांच्यापुढे चहा ठेवी आणि त्या तो रोज पीत. मी ते पुरेसे मानले.

उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर एकदा व्हॅनची वाट पाहत आम्ही सावलीत उभ्या होतो. त्या समोर बघत म्हणाल्या, “तू माझी शाळा बंद पाडलीस.”

“हो.”

“खिडक्या फार छान होत्या गं तिच्या.”

“आठवतात मला. माझ्या वर्गाला दोन होत्या.”

“तीन,” आपा म्हणाल्या. आणि मग आम्ही दोघी तिथे, बुरख्यांच्या गर्दीत, इतक्या हसलो की व्हॅनच्या ड्रायव्हरने “यल्ला, यल्ला” करीत हॉर्न वाजवला.

त्या शाळेचे पुढे काय झाले, असे कोणी विचारेल. काही झाले नाही. आठ दिवसांनी त्या प्राचार्यांकडे गेल्या नाहीत, वर्षानेही गेल्या नाहीत. मात्र सुट्टीत गावी जाऊन त्या होडीने येणाऱ्या मुलींना महिनाभर रसायनशास्त्र शिकवू लागल्या, घराच्या ओसरीवर.

मी जेद्दा सोडले, त्याच्या थोडे आधीची एक दुपार सांगून थांबते. रमजान पुन्हा जवळ आला होता. आपांनी मला घरी बोलावले. भाईसाहेब नेहमी बंदरावर असत त्या वेळेला घरीच होते, म्हणून मला काहीतरी आहे असे वाटले. सलमाचा निरोप आला होता : या वर्षी सासूचा मोठा जत्था यायचा म्हणतो आहे, विमानाची वेळ मागाहून कळवते.

“तू इथेच बस,” आपा मला म्हणाल्या. “मी मध्येच थांबले तर खूण कर.” त्यांनी फोन स्पीकरवर टाकला आणि आपल्या कोकणी बोलीत बहिणीला सगळे सांगितले. आजार सांगितला, त्याचे नाव सांगितले, गोळी, रोजे, खजूर, भांडी वाटल्याची गोष्ट, सगळे. गेल्या वेळी ताप नव्हता, हेही सांगितले. या वर्षी मुक्कामाला कोणी येऊ नये, जेवायला जरूर या, दिवसा या. त्या कुठेही थांबल्या नाहीत.

भाईसाहेब खिडकीबाहेर पाहत होते. आपांनी माझे मनगट धरले होते.

मग सलमा म्हणाली, “आपा, मग आमी आयलेलो तवा तू इतकी हसत व्हतीस… ता सगला आजारपन व्हता?”

आपांनी फोन जवळ ओढला.

“आमाना वाटला,” सलमा म्हणाली, “आमी आयलो म्हनून.”

आपांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, पण आवाज मंद आणि अगदी स्थिर होता.

“ता पन व्हता गो, सलमा,” त्या म्हणाल्या. “ता पन व्हता.”